आयर्लंडमध्ये पिढी बदलली आणि मतंही बदलली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९८३ साली आयर्लंडच्या मतदारांनी गर्भपातबंदी थेट राज्यघटनेत घातली. बाजूने ६६.९ टक्के मतं पडली, विरोधात ३३.१. २०१८ साली त्याच देशाने ती बंदी काढून टाकली. या वेळी काढण्याच्या बाजूने ६६.४ टक्के होते आणि ठेवण्याच्या बाजूने ३३.६. पस्तीस वर्षांत पारडं पूर्ण फिरलं.

हे कसं झालं असं विचारलं की ‘तरुण पिढी आली’ एवढंच उत्तर बहुतेक जण देतात. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मला जास्त मोलाचं वाटतं, म्हणून या प्रश्नांची उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

एवढे देश असताना आयर्लंडच का?

मतदारांचे विचार बदलले की नाही हे निवडणुकीच्या निकालावरून नीट कळत नाही. निवडणुकीत माणूस उमेदवार बघतो, पक्ष बघतो, रस्ता-पाणी बघतो, शेवटच्या आठवड्यात काय घडलं तेही बघतो. आयर्लंडची १९३७ ची राज्यघटना मात्र सार्वमत घेतल्याशिवाय बदलताच येत नाही. संसदेत कितीही बहुमत असलं तरी शेवटी प्रश्न लोकांपुढे जातो. मतपत्रिकेवर दोनच चौकटी असतात, आयरिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. ‘तॉ’ म्हणजे हो आणि ‘नील’ म्हणजे नाही. एकीत फुली मारायची की झालं. त्यामुळे एकाच विषयावर नऊ, चोवीस किंवा पस्तीस वर्षांच्या अंतराने लोकांनी दिलेले कौल शेजारी शेजारी ठेवून तपासता येतात.

भारतात असा प्रसंग विरळाच. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर जनमत कौल झाला, तो आपल्याला जवळचा असा एक दाखला.

आणि आयर्लंडच्या या गोष्टीत आपल्याकडची दोन गावं येतात, बेळगाव आणि मालवण तालुक्यातलं वराड. त्याबद्दल पुढे आहेच.

तो देश मुळात किती कर्मठ होता?

आज डब्लिनला शिकायला गेलेल्या मुलांना खरं वाटणार नाही इतका. संततिनियमनाची साधनं विकायला आणि आयात करायला १९३५ पासून बंदी होती. मे १९७१ मध्ये स्त्रीमुक्ती चळवळीतल्या बायका डब्लिनहून रेल्वेने ब्रिटिश कायदा चालणाऱ्या बेलफास्टला गेल्या, तिथून गर्भनिरोधक साधनं विकत घेऊन परत आल्या आणि डब्लिनच्या स्टेशनवर कस्टमच्या लोकांपुढे ती उघड मिरवली. तेव्हा ती मोठी बातमी झाली होती. १९७९ च्या कायद्याने ही साधनं मिळू लागली, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. प्रौढांना चिठ्ठीशिवाय कंडोम मिळायला १९८५ उजाडलं.

सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की नोकरी सोडायची, हा नियम १९७३ पर्यंत होता. घटस्फोटाला घटनेनेच मनाई होती. समलिंगी पुरुषांमधले संबंध १९९३ पर्यंत गुन्हा होते. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले, तेव्हा डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये दहा लाखांहून जास्त लोक जमले. देशाची लोकसंख्या तेव्हा पस्तीस लाखांच्या आसपास होती.

मग १९८३ च्या सार्वमतात नेमकं काय ठरलं?

गर्भपात कायद्याने गुन्हा होताच. आठव्या घटनादुरुस्तीने आई आणि न जन्मलेलं मूल यांचा जगण्याचा हक्क समान ठरवला, म्हणजे पुढच्या कोणत्याही सरकारला किंवा न्यायालयाला वाट मोकळी करता येऊ नये अशी तजवीज केली. मतदान झालं ५४ टक्क्यांच्या जवळपास.

जुनी पिढी गेली, नवी आली, म्हणून निकाल उलटला. एवढंच ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर हिशेब मांडूनच द्यायला हवं.

१९८३ मध्ये मत देण्यासाठी १९६५ च्या आधीचा जन्म हवा होता. म्हणजे २०१८ मध्ये साधारण ५३ वर्षांखालच्या कोणालाही या विषयावर कधीच मत देता आलं नव्हतं. मूल होण्याच्या वयातल्या एकाही बाईला या बंदीबद्दल कोणी विचारलेलं नाही, हा मुद्दा प्रचारात वारंवार यायचा आणि तो बिनतोड होता.

आता २०१८ च्या मतदानोत्तर चाचणीचे आकडे बघा. १८ ते २४ वयोगटात बंदी हटवण्याच्या बाजूने सुमारे ८७ टक्के, २५ ते ३४ मध्ये सुमारे ८५, ३५ ते ४९ मध्ये सुमारे ७३, ५० ते ६४ मध्ये सुमारे ६४, आणि ६५ च्या पुढे सुमारे ४१ टक्के. पायऱ्या अगदी स्पष्ट दिसतात. फक्त ६५ च्या पुढचा गट बंदीच्या बाजूने राहिला.

पण त्या शेवटच्या गटाकडे जरा थांबून बघा. २०१८ मध्ये पासष्टी ओलांडलेली माणसं १९८३ मध्ये तिशीची किंवा त्याहून मोठी होती. तेव्हा सगळ्या देशात मिळून बंदीला विरोध होता ३३ टक्क्यांचा. वय वाढूनही या गटात तो ४१ पर्यंत गेला. पन्नास ते चौसष्टचा गट तर १९८३ मध्ये पंधरा ते एकोणतीस वर्षांचा होता. त्यातल्या कित्येकांनी तेव्हा बंदीला ‘हो’ म्हटलं असणार, आणि त्याच गटाने पुढे सुमारे ६४ टक्के मतांनी ती हटवली. पिढी बदलण्याने मोठा वाटा उचलला हे खरंच, पण जिवंत माणसांनी आपलं मत बदललं हेही तितकंच खरं. दोन्हींपैकी एकच घडलं असतं तर कौल कदाचित काठावर गेला असता. दोन तृतीयांश मात्र नक्कीच मिळाले नसते.

वय वाढलं की माणूस परंपरेकडे झुकतोच. मग ही तरुण मंडळीही पुढे बदलतील ना?

संशोधक इथे तीन गोष्टी वेगळ्या करतात. एक म्हणजे वयाचा परिणाम: संसार, कर्ज, मुलं यांनी माणूस सावध होतो. दुसरा पिढीचा परिणाम: विशीच्या आसपास जो काळ बघितला त्याचा ठसा जन्मभर राहतो. तिसरा काळाचा परिणाम: एखादी घटना अशी घडते की सगळ्या वयाची माणसं एकदम हलतात.

कर आणि मालमत्तेच्या प्रश्नांवर वयाचा परिणाम दिसतो. घटस्फोट, समलिंगी विवाह, गर्भपात अशा प्रश्नांवर आयर्लंडमध्ये तो फारसा दिसला नाही. १९८६ मध्ये घटस्फोटासाठी झगडलेले तरुण चाळिशी-पन्नाशीत मागे फिरले नाहीत. अमेरिकेतही समलिंगी विवाहाला पाठिंबा १९९६ मध्ये २७ टक्के होता, २०२१ मध्ये ७० टक्के झाला. एवढी उडी फक्त म्हातारी माणसं गेल्याने पडत नाही.

नव्या पिढीच्या वाट्याला असं काय वेगळं आलं?

सगळ्यात आधी शिक्षण. १९६७ मध्ये माध्यमिक शिक्षण फुकट झालं. त्याआधी गरिबाघरचं मूल प्राथमिक शाळा संपली की कामाला लागायचं. पुढच्या वीस वर्षांत पहिल्यांदाच शेतमजुरांच्या आणि गोदी कामगारांच्या मुली महाविद्यालयापर्यंत पोचल्या. १९७३ मध्ये देश युरोपीय समुदायात गेला आणि समान वेतनासारखे कायदे त्या वाटेने आले. डिसेंबर १९७२ च्या सार्वमताने मतदानाचं वय २१ वरून १८ झालं. त्याच दिवशी घटनेतलं कॅथलिक चर्चचं ‘विशेष स्थान’ही मोठ्या बहुमताने काढलं गेलं.

मग १९८० च्या दशकातलं स्थलांतर. लाखो तरुण कामासाठी लंडन, बॉस्टन, सिडनीला गेले. नव्वदीत नोकऱ्या वाढल्या तसे बरेच परतले, आणि वेगळं जग बघून परतले. ज्या घरातून माणूस परदेशी गेला आणि परत आला, त्या घरात पूर्वीसारख्या गप्पा होत नाहीत हे कोकणातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

चर्चवरचा विश्वास का उडाला?

१९७० च्या दशकात दहातले नऊ कॅथलिक दर आठवड्याला प्रार्थनेला जायचे. तिथून पुढची घसरण आपोआप झाली नाही. १९९२ मध्ये गॉलवेचे लोकप्रिय बिशप एमन केसी यांना मुलगा असल्याचं उघड झालं. ते प्रकरण पुढच्या गोष्टींच्या मानाने किरकोळच म्हणायचं. २००५ चा फर्न्स अहवाल, मग २००९ मध्ये रायन आणि मर्फी आयोगांचे अहवाल आले. चर्चच्या शाळांत, वसतिगृहांत मुलांवर दशकानुदशकं अत्याचार झाले आणि वरिष्ठांनी ते झाकले, हे सरकारी कागदावर आलं. २०१३ मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी नन चालवत असलेल्या मॅग्डालेन धुलाईघरांत राबवून घेतलेल्या बायकांची संसदेत माफी मागितली. २०१४ मध्ये टूअममधल्या, अविवाहित मातांसाठीच्या आई-बाळ आश्रमात मेलेल्या ७९६ मुलांची गोष्ट जगभर गेली. कॅथरिन कॉर्लेस या स्थानिक इतिहास अभ्यासक बाईंनी एकेक मृत्यूचा दाखला मिळवून ती यादी तयार केली होती.

लक्षात घ्या, हे अहवाल वाचून सगळ्यात जास्त हादरली ती वयस्क पिढी. तरुणांना चर्चचं फारसं काही वाटतच नव्हतं. ज्यांनी आयुष्यभर विश्वास ठेवला, मुलांना त्याच शाळांत घातलं, धक्का त्यांना बसला. जनगणनेत स्वतःला कॅथलिक म्हणवणारे २०१६ मध्ये ७८ टक्के होते, २०२२ मध्ये ६९ टक्के. म्हणजे बंदी हटवणाऱ्यांत श्रद्धाळू कॅथलिक माणसं भरपूर होती.

सविता हलप्पनवारच्या मृत्यूमुळे किती फरक पडला?

सविता मूळची बेळगावची, दंतवैद्य, ३१ वर्षांची, गॉलवेत नवऱ्याबरोबर राहणारी. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात गर्भपात अटळ आहे असं डॉक्टरांनीच सांगितलं. तिने आणि नवऱ्याने तो करून द्या अशी विनंती केली. गर्भाचे ठोके सुरू आहेत म्हणून नकार मिळाला. ‘हा कॅथलिक देश आहे’ असं तिला सांगितलं गेलं, आणि तसं बोलल्याचं एका सुईणीने पुढे मृत्यूच्या चौकशीत मान्य केलं. रक्तात जंतुसंसर्ग पसरून २८ ऑक्टोबरला सविता गेली. संसर्ग ओळखण्यात आणि उपचारात झालेल्या चुकाही चौकशीत पुढे आल्या. कायद्याची भीती आणि हलगर्जीपणा एकमेकांत कसे मिसळतात ते या एका प्रकरणात दिसतं.

बेळगावात ती असती तर १९७१ च्या भारतीय कायद्याने डॉक्टरांना हात बांधून बसावं लागलं नसतं. ज्या देशातून ती प्रगत देशात गेली, त्या देशाचा कायदा याबाबतीत चाळीस वर्षं पुढे होता. ही गोष्ट आयर्लंडमधल्या लोकांना फार झोंबली, आणि झोंबायलाच हवी होती.

तिच्या मृत्यूनंतर हजारो लोक रस्त्यावर आले. २०१३ मध्ये आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपाताची मुभा देणारा मर्यादित कायदा झाला. तिच्या वडिलांनी बेळगावातून आयरिश मतदारांना बंदी हटवण्याचं आवाहन केलं. २०१८ च्या मतदानाच्या सुमारास डब्लिनच्या पोर्टोबेलो भागात एका भिंतीवर तिचं मोठं चित्र रंगवलेलं होतं. लोक तिथे फुलं ठेवायचे आणि भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवायचे. बऱ्याच चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता, ‘सॉरी’.

तरीही एका मृत्यूने देश बदलला असं म्हणणं बरोबर नाही. तिच्याआधीही बायका होत्या. १९९२ मध्ये बलात्कारातून गरोदर राहिलेल्या १४ वर्षांच्या मुलीला इंग्लंडला जाण्यापासून उच्च न्यायालयाने रोखलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने मग परवानगी दिली. १९८० पासून दीड लाखाहून जास्त आयरिश बायकांनी गर्भपातासाठी समुद्र ओलांडला. प्रत्येक गावात अशी एखादी तरी बाई होती. फक्त कोणी बोलत नव्हतं.

मग वयस्क माणसांची मतं वळली कशी?

बोलण्याने. ऐकण्याने.

जानेवारी १९८४ मध्ये ग्रॅनार्ड नावाच्या छोट्या गावात १५ वर्षांची एक शाळकरी मुलगी चर्चजवळच्या मेरीमातेच्या मूर्तीपाशी एकटीच बाळंत झाली. ती आणि बाळ, दोघंही गेले. त्यानंतर गे बर्न यांच्या रेडिओ कार्यक्रमाकडे देशभरातून बायकांची पत्रं आली. न्हाणीघरात, गोठ्यात, कोणाला न सांगता झालेल्या बाळंतपणांची, दिलेल्या मुलांची, पुरलेल्या मुलांची. बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सगळा कार्यक्रम ती पत्रं वाचण्यातच घालवला. स्वयंपाकघरात रेडिओ लावून काम करणाऱ्या बायकांनी पहिल्यांदा ऐकलं की आपण एकट्या नव्हतो.

१९८३ चा कौल तेव्हा अगदी ताजा होता. मतं लगेच वळली नाहीत, पण सुरुवात तिथून झाली असं मी मानतो.

२०१५ च्या समलिंगी विवाहाच्या सार्वमतात डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ‘आजीला फोन लाव’ अशी मोहीम चालवली. नातवाने आजीला फोन करायचा आणि मत मागायचं. आजी नातवाचं ऐकते, टीव्हीवरच्या वक्त्याचं ऐकेलच असं नाही. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांनी स्वतःच्या समलिंगी मुलाबद्दल जाहीरपणे बोलून पाठिंबा दिला. त्या श्रद्धाळू कॅथलिक म्हणून ओळखल्या जातात, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. ‘हो’ ६२ टक्के आलं आणि ४३ पैकी ४२ मतदारसंघांत आलं.

घटस्फोटाचं सार्वमत इतकं काठावर का गेलं?

हे सार्वमत मला सगळ्यात शिकवणारं वाटतं. १९८६ मध्ये प्रचार सुरू झाला तेव्हा चाचण्यांत ‘हो’ पुढे होतं. निकाल मात्र ६३.५ विरुद्ध ३६.५ असा ‘नाही’ लागला. मधल्या काही आठवड्यांत विरोधकांनी एकच धास्ती पेरली: घराचं काय होणार, शेताचं काय होणार? नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर पहिल्या बायकोच्या डोक्यावर छप्पर राहील का? ही भीती खोटी नव्हती. वारसा आणि पोटगीचे कायदे तेव्हा खरोखरच अपुरे होते. ज्या बायकांना घटस्फोटाचा उपयोग झाला असता, त्यांतल्या अनेकींनी ‘नाही’ म्हटलं.

पुढच्या नऊ वर्षांत सरकारने बसून आधी ते कायदे केले. १९८९ मध्ये न्यायालयीन फारकतीचा कायदा आला, मालमत्तेच्या वाटणीचे नियम झाले. घटस्फोटासाठी मागच्या पाच वर्षांपैकी चार वर्षं वेगळं राहिलेलं असण्याची अट घटनेतच घालायचं ठरलं. मग २४ नोव्हेंबर १९९५ ला पुन्हा विचारलं. ‘हो’ ५०.२८ टक्के. फरक ९,११४ मतांचा. जास्त परंपरावादी असलेल्या पश्चिमेकडे त्या दिवशी जोराचा पाऊस होता, तो नसता तर निकाल उलटा लागला असता, असं आजही तिथे म्हणतात.

नऊ वर्षांत जवळपास चौदा टक्क्यांची वाढ. एवढ्या अवधीत पिढी बदलत नाही. लोकांची रास्त काळजी दूर केली, त्याचं हे फळ होतं. २०१९ मध्ये घटनेतली ती मुदतीची अट काढायला ८२ टक्के मतदारांनी होकार दिला.

‘नागरिक सभा’ हा काय प्रकार आहे?

समाजाचा नमुना ठरतील असे निवडलेले ९९ सामान्य नागरिक आणि अध्यक्ष म्हणून एक न्यायमूर्ती. २०१६-१७ मध्ये न्यायमूर्ती मेरी लाफॉय यांच्या अध्यक्षतेखाली ही मंडळी शनिवार-रविवारी जमायची. डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते आणि प्रत्यक्ष अनुभव आलेल्या बायका, सगळ्यांचं ऐकून घ्यायची. त्यांच्यापैकी ८७ टक्क्यांनी आठवी दुरुस्ती आहे तशी ठेवू नये असं सांगितलं. ठरावीक आठवड्यांपर्यंत कारण न विचारता गर्भपाताची मुभा द्यावी असं ६४ टक्के म्हणाले. राजकारण्यांना धक्का बसला, देश एवढ्या पुढे जाणार नाही असं बरेच जण बोलून गेले. वर्षभराने देशाने ६६ टक्के दिले.

तरुण मतदानाला जात नाहीत, मग इथे कसे गेले?

एरवी तेही जात नाहीत. सार्वमताच्या वेळी विद्यार्थी संघटनांनी महिनोन्महिने नोंदणीचं काम केलं. २०१८ मध्ये पुरवणी यादीत लाखाहून जास्त नावं वाढली.

आणि परदेशातून आलेले. आयर्लंडच्या बाहेर असलेल्या सामान्य नागरिकाला टपालाने मत देता येत नाही. अठरा महिन्यांच्या आत परतणार असाल तर नाव यादीत राहतं, पण मत द्यायला स्वतः यावं लागतं. मे २०१५ आणि पुन्हा मे २०१८ मध्ये लंडन, टोरंटो, टोकियो, सिडनीहून मुलं-मुली विमानाने, बोटीने आली. २०१८ मध्ये तर काळ्या स्वेटरवर पांढऱ्या अक्षरांत ‘रिपील’, म्हणजे ‘रद्द करा’, आणि हातात ट्रॉली बॅग. डब्लिन विमानतळावर आगमनाच्या दारापाशी अनोळखी माणसं फलक घेऊन त्यांच्या स्वागताला उभी होती. एका मतासाठी चोवीस तासांचा प्रवास करणारा मतदार बघितला की तरुणांना राजकारणाचं काही पडलेलं नाही, हे वाक्य पुन्हा म्हणावंसं वाटत नाही.

लिओ वराडकरांचा यात वाटा किती?

त्यांचे वडील डॉक्टर अशोक वराडकर मूळचे वराडचे, आई आयरिश परिचारिका. लिओ जानेवारी २०१५ मध्ये, सार्वमताच्या चार महिने आधी, आपण समलिंगी असल्याचं रेडिओवर बोलले. २०१७ मध्ये ३८ व्या वर्षी पंतप्रधान झाले. २०१८ चं सार्वमत त्यांच्या सरकारने घेतलं आणि त्यांनी बंदी हटवण्याचा प्रचार केला.

मात्र २०१० च्या सुमारास गर्भपाताबाबत त्यांची स्वतःची भूमिका कडक होती. आरोग्यमंत्री म्हणून काम करताना ती बदलली. निकालाच्या दिवशी त्यांनी दहा-वीस वर्षं चाललेल्या शांत क्रांतीचा उल्लेख केला. ते क्रांतीचे प्रणेते नव्हते, तिच्याबरोबर बदललेल्या लाखोंपैकी एक होते. मला त्यांची गोष्ट त्यामुळेच जास्त पटते.

म्हणजे आयर्लंड आता सगळ्याच बाबतींत पुरोगामी झाला?

नाही. २००४ मध्ये, देश ‘बदलत’ असतानाच, केवळ तिथे जन्मल्याने आपोआप मिळणारं नागरिकत्व बंद करायला ७९ टक्के मतदारांनी होकार दिला. स्थलांतरितांच्या मुलांना त्याचा फटका बसला, त्यांत भारतीयही आले. २०१५ मध्ये ज्या दिवशी समलिंगी विवाहाला ६२ टक्के मिळाले, त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचं किमान वय ३५ वरून २१ करण्याचा प्रस्ताव ७३ टक्क्यांनी पाडला.

आणि ८ मार्च २०२४. कुटुंबाची व्याख्या व्यापक करणारी दुरुस्ती ६७.७ टक्क्यांनी पडली, घरातल्या स्त्रीच्या ‘कर्तव्यां’चा जुना उल्लेख बदलणारी ७३.९ टक्क्यांनी. सरकार आणि बहुतेक मोठे पक्ष बाजूने होते. शब्द मोघम होते, अपंगांसाठी काम करणाऱ्यांना घरी काळजी घेणाऱ्यांच्या हक्कांची भाषा तोकडी वाटत होती, आणि घाईने आणलेला प्रस्ताव घरोघर समजावून सांगितलाच गेला नव्हता. मतदान ४४ टक्के. तरुण आपल्याच बाजूचे आहेत असं धरून चाललं की काय होतं, ते त्या दिवशी दिसलं.

तरुण सगळीकडेच पुरोगामी असतात का?

असं धरून चालू नये. जर्मनीत २०२१ मध्ये पहिल्यांदा मत देणाऱ्यांनी ग्रीन आणि उदारमतवादी पक्षांना सर्वाधिक पसंती दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये १८ ते २४ वयोगटात डावा पक्ष सुमारे २५ टक्क्यांवर पहिला आला आणि अतिउजवा पक्ष सुमारे २१ टक्क्यांवर दुसरा. तरुण मुली डावीकडे, तरुण मुलगे उजवीकडे, अशी फाटही तिथे ठळक आहे.

आयर्लंडमध्ये आजच्या तरुणांचा मोठा प्रश्न आहे घर. भाडी परवडत नाहीत म्हणून तिशीतली माणसं आईवडिलांकडे राहतात. २०२० च्या निवडणुकीत पस्तिशीखालच्या सुमारे एक तृतीयांश मतदारांनी शिन फेन पक्षाला मत दिलं, ते मुख्यतः यासाठी. घरटंचाई सुटली नाही तर तो राग कोणत्याही बाजूला जाऊ शकतो.

भारतात याचा काही उपयोग?

आपल्याकडे असे प्रश्न न्यायालयात सुटतात किंवा अडकतात. समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्यातून काढले, विवाहाला मान्यता द्यायला १७ ऑक्टोबर २०२३ ला नकार दिला. लोकांना थेट कोणी विचारत नाही, त्यामुळे घराघरांत ती चर्चा होण्याची वेळही येत नाही. न्यायालयातून आलेला हक्क कमी मोलाचा नसतो, पण आजी-नातवाचं ते बोलणं आपल्याकडे अजून व्हायचं आहे.

मी मराठी आहे, आयर्लंडमध्ये राहतो. मला मत देता येतं का?

स्थानिक निवडणुकीत येतं, भारतीय पासपोर्टवरही. तिथे राहत असणं पुरेसं असतं. संसदेच्या निवडणुकीसाठी आयरिश किंवा ब्रिटिश नागरिकत्व लागतं, सार्वमत आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी फक्त आयरिश. नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षांचं वास्तव्य मोजलं जातं, आणि ते घेतलं की भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, हा विचार आधी करून ठेवा.

नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते. तुमचा पीपीएस क्रमांक (तिथला सरकारी ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि एअरकोड (तिथला पिनकोड) लागतो. मतदानाच्या काही आठवडे आधी यादी बंद होते, म्हणून जाहीर होण्याची वाट बघू नका. घरात सोळा-सतरा वर्षांचं मूल असेल तर त्याचंही नाव आत्ताच नोंदवता येतं. अठरा पूर्ण झाली की ते यादीत जातं.